भावाला त्याच्या मनाविरुद्ध हॉस्पिटलमध्ये दाखल करावं का?

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. आठ-नऊ महिन्यांपासून त्याला वाटतंय की इमारतीतले लोक कॅमेऱ्यातून त्याच्यावर पाळत ठेवतात आणि घरच्या जेवणात काहीतरी कालवतात. नोकरी सुटली. रात्र रात्र जागा असतो. घरात शिजवलेलं खात नाही, स्वतः पुडा फोडून बिस्किटं तेवढी खातो. गेल्या आठवड्यात मध्यरात्री तो लोखंडी गज घेऊन खाली वॉचमनसमोर उभा राहिला आणि "कॅमेरा काढ, नाहीतर बघ" म्हणाला. मारलं नाही. सोसायटीने पत्र दिलंय की आठ दिवसांत त्याची काहीतरी व्यवस्था करा. एका डॉक्टरांनी त्याला न बघताच चहात घालायला थेंब लिहून दिलेत. आई म्हणते, घाल. आणि तुम्ही विचारता, त्याला धरून दाखल केलं तर मी त्याचं स्वातंत्र्य हिरावते का? आणि नाही केलं आणि उद्या वॉचमनच्या डोक्यात गज बसला तर?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. सुरुवातीची बरीच वर्षं सरकारी मनोरुग्णालयात काम केलं, आता एका जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात आहे. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय झालंय हे इथून सांगणार नाही. असा संशय स्किझोफ्रेनियात येतो, गांजामुळे येतो, कधी थायरॉइडच्या किंवा मेंदूच्या एखाद्या आजारातही येतो. तपासल्याशिवाय कळत नाही. पण तुम्ही विचारताय ते निदान नव्हे. त्याच्या इच्छेविरुद्ध काही करायचा अधिकार कुणाला, कधी आणि कुठवर, हे तुम्हाला हवंय. त्यावर मात्र मला सविस्तर बोलता येईल, कारण माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

तुमच्या पत्रात तागडीच्या एका पारड्यात भावाचं स्वातंत्र्य आहे आणि दुसऱ्यात सोसायटीची सुरक्षितता. दाखल केलं तर पहिलं गेलं, नाही केलं तर दुसरं. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की रात्री आम्ही बाहेरून कडी घालतो, त्याचा फोन आईने काढून घेतलाय, मामा येऊन दोनदा हात उगारून गेले. म्हणजे सक्ती करायची की नाही हा प्रश्न तुमच्या घरात केव्हाच मागे पडलाय. ती रोज चालू आहे. फक्त तिला मुदत नाही, तिची कुठे नोंद नाही, आणि ती चुकीची आहे असं भावाला वाटलं तर दाद मागायला जागा नाही. मी तुम्हाला दोष देत नाहीये. घाबरलेली, थकलेली माणसं हेच करतात, मी शेकडो घरांत हे पाहिलंय. पण निवड करायची आहे ती या चोरट्या, बेमुदत सक्तीत आणि उघड, मुदतीच्या, तपासता येणाऱ्या सक्तीत. अशी निवड समोर आली की मी नेहमी दुसरीच्या बाजूने उभी राहते. बाकी सगळं उत्तर याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी थेंबांचं, कारण ते आजच थांबवायला हवं.

त्याला वाटतंय की घरच्या खाण्यात काहीतरी कालवलं जातं. आज हा त्याचा भ्रम आहे. तुम्ही चहात थेंब घातले की ते खरं होईल. हे एकदा झालं की पुढे कुठलाही डॉक्टर त्याला "असं काही नाहीये रे" म्हणू शकत नाही. शिवाय ही औषधं पाण्यासारखी निरुपद्रवी नसतात. या गटातल्या काही औषधांनी, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये आणि पहिल्या काही दिवसांत, मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर फिरतात, जीभ जाड होते. औषध घेतोय हे माणसाला ठाऊक असेल तर तो सांगतो, आम्ही एक साधं इंजेक्शन देतो, थोड्या वेळात उतरतं. ठाऊक नसेल तर त्याच्या दृष्टीने ही विषबाधाच असते, आणि ज्याने चहा दिला तो शत्रू. घरातल्या माणसावर हात उगारला जाण्याचे काही अत्यंत वाईट प्रसंग मी अशा चहातून उद्भवलेले पाहिलेत. आणि ज्या दिवशी तो चहा सोडेल त्या दिवशी औषध एकदम तुटेल, कुणाला कळणारही नाही. आई प्रेमापोटी सांगतेय हे मला समजतं. तिला एवढंच सांगा की उद्या तिच्याच हातचं जेवण त्याने परत खावं अशी इच्छा असेल, तर त्या हातात थेंबांची बाटली नको.

आता कायद्याकडे येते. त्यातली कलमं पाठ करायची गरज नाही, पण त्यामागचा विचार समजला तर तुमचं मन बरंच हलकं होईल.

आपल्याकडे १९१२ चा ल्युनसी ॲक्ट होता, मग १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट आला. दोन्हींचा भर माणसाची सोय लावण्यावर आणि कोर्टाच्या हुकमावर जास्त, त्याच्या हक्कांवर कमी. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. पायात साखळदंड होते, त्यामुळे पळता आलं नाही. त्या साखळ्या कुठल्या न्यायाधीशाने घातल्या नव्हत्या. माणूस सुरक्षित राहावा, दुसऱ्याला इजा करू नये, म्हणून घरच्यांच्या संमतीने घातलेल्या होत्या. आमच्या पिढीच्या डॉक्टरांवर त्या घटनेचा खोल परिणाम झाला. आज लागू आहे तो मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर सरळ बंदी आहे.

हा कायदा गृहीत धरतो की प्रत्येक माणूस, मानसिक आजार असला तरी, आपल्या उपचारांचा निर्णय घ्यायला समर्थ आहे. तसा तो नाही, हे दाखवून द्यायची जबाबदारी आमच्यावर. आणि ते दाखवताना "त्याचा निर्णय आम्हाला चुकीचा वाटतो" हे कारण चालत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. माहिती त्याला समजते का, आपल्या निर्णयाने काय होईल हे त्याला उमगतं का, तो आपलं म्हणणं कळवू शकतो का, एवढंच बघायचं. "गोळीने वजन वाढतं, मला नको" असं म्हणणारा माणूस निर्णय घेतोय, भले तो मला पटो न पटो. "गोळीत चिप आहे, ती घेतली की चौथ्या मजल्यावरच्यांना माझे विचार ऐकू जातील" असं म्हणणारा माणूस त्या गोळीबद्दल निर्णय घेऊ शकत नाहीये, कारण ज्या गोळीबद्दल तो बोलतोय ती अस्तित्वातच नाही. तोच माणूस घर कुणाच्या नावावर करायचं किंवा मत कुणाला द्यायचं हे मात्र नीट ठरवू शकत असेल. क्षमता निर्णयागणिक तपासायची असते. माणसावर एकदाच शिक्का मारून मोकळं होता येत नाही.

पण निर्णयक्षमता नाही एवढ्याने दाखल करता येत नाही. त्याच्या जोडीला तीनपैकी निदान एक गोष्ट लागते. त्याने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा प्रयत्न केला. किंवा अलीकडे तो दुसऱ्याशी हिंसकपणे वागला, अथवा दुसऱ्याला आपल्यापासून इजा होईल अशी भीती वाटेल असं त्याने काही केलं. किंवा अलीकडे तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीये, आणि ते इतकं की त्यातून त्याच्याच जिवाला अपाय होईल. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत त्याला स्वतंत्रपणे तपासायचं. आणि दोघांनीही लिहून द्यायचं की यापेक्षा कमी बंधनाचा कुठलाच मार्ग उरलेला नाही.

या तिन्हींत 'अलीकडे' हा शब्द आहे. अलीकडे म्हणजे किती दिवस, हे कायद्याने आकड्यात सांगितलेलं नाही आणि ते बरंच आहे. पण दोन वर्षांपूर्वी त्याने ताट फेकलं होतं हे आज कारण होत नाही, आणि "पुढे कधीतरी काहीतरी करेल असं वाटतं" हेही होत नाही. कोण पुढे हिंसक होईल हे सांगायची आमच्या शास्त्राची ताकद फार मर्यादित आहे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कधीच कुणावर हात उचलत नाहीत. उलट त्यांनाच मार बसतो, लुबाडलं जातं. धोका वाढतो तो विशिष्ट परिस्थितीत: आजार नवा आहे आणि उपचार सुरूच झालेले नाहीत, सोबत दारू-गांजा आहे, आधी हिंसा घडलेली आहे, किंवा "मार त्याला" असा हुकूम देणारे आवाज ऐकू येताहेत. म्हणून मी निदानाच्या नावावर जात नाही, घडलेल्या गोष्टी विचारते.

तुमच्या भावाच्या बाबतीत सगळ्यांचं लक्ष गजावर आहे. साहजिक आहे. तो प्रसंग नुकताच घडलेला आहे, त्याने स्पष्ट धमकी दिली, समोरचा माणूस घाबरला. कायद्यातला दुसरा मुद्दा इथे लागू होऊ शकतो. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती बिस्किटांपाशी. किती महिने तो फक्त बिस्किटांवर आहे? वजन किती उतरलं? पाणी कुठलं पितो? चक्कर येते का, कपडे सैल झालेत का? तिसरा मुद्दा घरच्यांच्या आणि पोलिसांच्याही नजरेतून निसटतो, कारण उपाशी माणूस आवाज करत नाही. किती कुटुंबं मला सांगतात, "डॉक्टर, तो कुणाला मारत नाही म्हणून आम्ही आणलं नाही." आणि समोर हाडांचा सापळा बसलेला असतो. कुणावर हल्ला होईपर्यंत थांबावं लागतं असा समज सगळीकडे पसरलाय. तो चुकीचा आहे आणि त्याने माणसं जातात.

दाखल करायला मी नकार दिलेल्या एका गृहस्थांबद्दलही सांगते, म्हणजे रेषा कुठे ओढते ते कळेल. पन्नाशीच्या पुढचे, एकटे राहणारे. सरकारविरुद्ध आपला प्रचंड मोठा दावा चालू आहे अशी त्यांची ठाम समजूत. घरभर कागदांचे गठ्ठे. भावांनी आणलं आणि म्हणाले, ठेवून घ्या, वेड लागलंय. पण ते स्वतः स्वयंपाक करत, वेळेवर भाडं भरत, शेजारच्या मुलांशी हसून बोलत, कुणाला कधी धमकावलेलं नव्हतं. बोलता बोलता कळलं की वडिलोपार्जित जागेच्या वाटणीवर त्यांची सही अडली होती. त्यांना आजार होता असं माझं मत आज आहे, तेव्हाही होतं. उपचारांनी फायदा झाला असता असंही मला वाटतं. तरी दाखल करायला मी नाही म्हटलं, आणि ओपीडीत यावंसं वाटलं तर या एवढंच त्यांना सांगितलं. आपल्याकडे जागेच्या वाटणीपायी, घटस्फोटासाठी, नको असलेलं लग्न मोडावं म्हणून माणसांना 'वेडं' ठरवायचे प्रयत्न होतात, म्हणून हे दार अरुंद असलं पाहिजे. समाजाच्या, जातीच्या, धर्माच्या रीतीप्रमाणे वागत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही या कायद्यात आहे.

आता सोसायटीच्या पत्राबद्दल. वॉचमनची भीती आणि सेक्रेटरींची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. वॉचमन रात्रभर एकटा बसतो, त्याच्यासमोर गज घेऊन माणूस उभा राहिला. त्याच्या जिवाची किंमत तुमच्या भावाच्या स्वातंत्र्याइतकीच आहे, आणि तुम्ही स्वतः जाऊन त्याच्याशी बोललं पाहिजे. भाऊ आजारी आहे, आम्ही उपचारांच्या मागे आहोत, तो पुन्हा खाली आला तर वाद घालू नका, अंतर ठेवा, कॅमेऱ्यावरून चर्चा करू नका, लगेच मला फोन करा. तुमचा नंबर त्याच्याकडे असू दे. सोसायटीला त्याच्यासोबत काही दिवस दुसरा माणूस बसवायला सांगा. सार्वजनिक सुरक्षितता प्रत्यक्षात अशी दिसते, आणि यात कुणाचंही स्वातंत्र्य जात नाही.

सेक्रेटरींना मात्र शांतपणे सांगता येतं की बिल्डिंगचं नाव खराब होतं, फ्लॅटची किंमत पडते, मुलं घाबरतात, ही कुणाला हॉस्पिटलात टाकायची कारणं नाहीत. कुणाला दाखल करावं हे सोसायटी ठरवू शकत नाही. त्याचं निदान, कागदपत्रं, औषधांची नावं त्यांना दाखवायला तुम्ही बांधील नाही. "उपचार सुरू करतोय, तोवर या या गोष्टी करू या" एवढं लेखी द्या.

पोलिसांचा प्रश्न तुम्ही भीतभीतच विचारलाय. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेला माणूस हद्दीत असेल तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदारांचं कायद्याने कर्तव्य आहे. का नेतोय हे त्याला सांगायचं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं, आणि कुठल्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, गरज पडली तर नम्रपणे सांगा. घरात प्रसंग हाताबाहेर गेला तर ११२ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा की हा मानसिक आजाराचा रुग्ण आहे, हातात काय आहे किंवा काही नाही, आणि त्याला कशाची भीती वाटते. शक्य असेल तर साध्या कपड्यांत यायची विनंती करा. ज्याला आधीच पाळतीची भीती आहे त्याच्या दारात चार गणवेशधारी उभे राहिले की पुढचं काय होईल ते तुम्हीच समजू शकता. अगदी जिवावरचा प्रसंग असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार देऊ शकतो आणि जवळच्या मानसोपचार केंद्रात हलवू शकतो. त्यालाही ७२ तासांची मर्यादा आहे, आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस, हजर असेल तर त्याची संमती लागते.

हे सगळं शेवटच्या पायरीचं झालं. त्याआधीची पायरी तुम्ही अजून नीट चढलेली नाहीत, असं मला पत्रावरून वाटतं. त्याला सरळ विचारलंय का? "तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल" या भाषेत नव्हे. कॅमेरे आहेत की नाहीत यावर वाद घालू नका आणि खोटं "हो रे, आहेत" असंही म्हणू नका. त्याला त्रास कशाचा होतोय तिथून सुरुवात करा. झोप नाही, डोकं जड आहे, सतत भीती वाटते, हा त्रास तर खरा आहे ना? "तीन रात्री तू झोपला नाहीस, मला तुझी काळजी वाटते, झोपेसाठी एकदा दाखवू या, मी पूर्ण वेळ बाजूला बसेन." या वाक्यावर उठून आलेले कितीतरी जण मी पाहिलेत. लग्नाला जाऊ या, बँकेत सही करायची आहे, असं सांगून आणलेली माणसंही पाहिलीत, आणि त्यांच्याशी विश्वासाचं नातं जोडायला मला महिने लागलेत. घरात तो कुणाचं ऐकतो? तुम्ही मावसभावाचा उल्लेख केलाय, दोघं लहानपणापासून बरोबर आहेत म्हणून. मग मामांना बाजूला ठेवा आणि त्याला बोलवा. तो स्वतःहून आला आणि गरज पडल्यास स्वतःच्या सहीने राहिला, तर त्याला सहसा आपल्या मर्जीने घरीही जाता येतं, आणि अशा वेळी औषध टिकायची शक्यता कितीतरी जास्त असते. यायला अजिबात तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि जवळची सरकारी सोय कुठली ते सांगतात.

आणि समजा हे सगळं करूनही तो आला नाही, आणि दोन तज्ज्ञांचं मत दाखल करावं असं पडलं. तेव्हा काय होतं ते आधीच माहीत असू दे, कारण तुमच्या मनात 'आत टाकणं' आहे आणि ते चित्र जुनं आहे.

अर्ज करायचा तो त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने. सज्ञान माणूस असा प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमू शकतो. त्याने नेमला नसेल तर नातेवाईकाकडे ती जागा येते, म्हणजे तुम्हीही होऊ शकता. दाखल ठेवायची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. ती वरची मर्यादा आहे, शिक्षा नव्हे. बरेच जण त्याआधी घरी जातात किंवा स्वतःच्या सहीने राहतात. दर सात दिवसांनी त्याची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची, आणि ती परत आली की त्याच दिवशी त्याचा शब्द शेवटचा. तुमच्या भावासारख्या सज्ञान पुरुषाला दाखल केल्याची माहिती हॉस्पिटलने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. हे मंडळ म्हणजे फक्त डॉक्टर नव्हेत, अध्यक्ष न्यायिक अनुभवाचे असतात. "मला इथे चुकीचं ठेवलंय" असा अर्ज भाऊ स्वतः करू शकतो, आणि त्यावर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मागायचा त्याला हक्क आहे. त्याला भेटायला येता येतं, फोन करता येतो. एकांत कोठडी चालत नाही. हात बांधून ठेवायची वेळ आलीच तर तात्काळ इजा टाळायचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, गरजेपुरतं, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि कारणासह नोंद करून. स्टाफ कमी आहे हे कारण चालत नाही. ३० दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर निकष आणखी कडक होतात आणि मंडळाची मान्यता लागते.

घरच्या कडीशी याची तुलना करून बघा. इथे प्रत्येक गोष्टीला तारीख आहे, सही आहे, आणि ज्याच्यावर सक्ती होतेय त्याला तक्रार करायला दार आहे. सगळी हॉस्पिटलं हे पाळतात असं मी म्हणणार नाही. म्हणून तुम्ही विचारा. कुठल्या कलमाखाली घेतलं, मंडळाला कधी कळवलं, पुढची तपासणी कोणत्या तारखेला? ज्या हॉस्पिटलला हे प्रश्न खटकतात तिथून त्याला हलवा. मुंबई-पुण्यापासून लांब असाल तर पर्याय थोडे असतील हे मला कळतं. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची मनोरुग्णालयं आहेत, शिवाय जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची सोय असते. माझं मत विचाराल तर घराजवळचा जनरल हॉस्पिटलमधला मानसोपचार विभाग पहिल्यांदा बघा. तिथे रोज कुणीतरी भेटायला जाऊ शकतं, आणि आपल्याला टाकून दिलं असं त्याला वाटत नाही.

"तो मला कधी माफ करेल का?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. काही जण करतात, काही करत नाहीत, आणि हे आधी सांगता येत नाही. एका कॉलेजच्या मुलीला आम्ही तिच्या इच्छेविरुद्ध दाखल केलं होतं. विषाच्या भीतीने तिने पाणीसुद्धा सोडलं होतं. बरी झाल्यावर ती माझ्यावर खूप रागावली होती, आणि त्या रागात तथ्य होतं: दाखल का केलं याची तिला तक्रार नव्हती, पण वडील आणि काका तिला रिक्षात कोंबून घेऊन आले होते. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी कसं व्हावं ते तू लिही. तिने लिहिलं. वडिलांना नाही, मावशीला बोलवा. अमुक इंजेक्शन नको, त्याने जबडा धरला होता. आधी गोळी पुढे करा आणि दहा मिनिटं थांबा. माझा फोन काढून घेऊ नका. प्रतिनिधी म्हणून मावशीचं नाव घातलं. बरं असताना असं लिहून ठेवायची सोय याच कायद्यात आहे, त्याला ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह म्हणतात. तातडीच्या उपचारात तो लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांना आणि घरच्यांना तो पाळावा लागतो. पाळायचा नसेल तर मंडळाकडे जावं लागतं. दीड-दोन वर्षांनी तिला पुन्हा त्रास सुरू झाला तेव्हा मावशी तो कागद घेऊन आली. ती चालत आली, स्वतः.

भाऊ सावरला की त्याच्याकडून असं लिहून घ्या, आणि त्याने लिहिलेलं तुम्हाला आवडलं नाही तरी जपा.

आज रात्री करायच्या गोष्टी एवढ्याच. थेंब बंद. बाहेरून कडी बंद, त्याऐवजी घरातलं कुणीतरी जागं राहील अशी पाळी लावा. गज, कोयता, मोठी सुरी शेजारी किंवा नातेवाइकाकडे ठेवा. त्याला बंद पुड्यातलं दूध, न कापलेली फळं, उकडलेली अंडी सोलायला त्याच्याच हातात द्या, म्हणजे पोटात काहीतरी जाईल. एक वही करा आणि तारीख-वेळ घालून फक्त घडलेलं लिहा. "विचित्र वागतो" असं नको. "मंगळवारी रात्री दोन वाजता गज घेऊन खाली गेला, असं असं म्हणाला, सकाळपासून दोन पुडे बिस्किटं खाल्ली, वजन इतकं." तपासणाऱ्या दोन्ही डॉक्टरांना ही वही तुमच्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडेल. मावसभावाला उद्या सकाळी बोलवा. त्याने विचारूनही भाऊ आला नाही, तर वही घेऊन तुम्ही दोघं जवळच्या मानसोपचार विभागात जा आणि सांगा की पेशंट यायला तयार नाही, नियमाप्रमाणे तपासणी कशी करायची ते ठरवू या. आठ दिवसांची मुदत सोसायटीची आहे, ती विसरा. पण जेवणाचा प्रश्न आठ दिवस थांबणारा नाही, त्यामुळे हे परवापर्यंत व्हायला हवं. त्याचं वजन आणि तो दिवसभरात किती पाणी पितो, हे कळलं की इथेच कळवा.